सातव्या पानावरचा मसाला

सही केली त्या दिवशी माझा चष्मा फ्रिजवर होता. आमच्या घरात फ्रिज आणि सोफा यांच्यात पाच पावलं असतील नसतील. ती पाच पावलं मी उठले नाही. पुढे त्या पाच पावलांपायी घाटकोपर ते अंधेरी किती खेपा मारल्या, ते माझे गुडघे सांगतील.

आता तुम्ही म्हणाल, बाई अडाणी असेल. मुळीच नाही. मी बी.कॉम. आहे. इंग्रजी वाचता येतं, समजतंही. लग्नाआधी चार वर्षं एका ऑफिसात टायपिस्ट होते, दुसऱ्यांची अक्कल तिथे टाईप करून दिली आहे. तरी वाचलं नाही, कारण कागद घेऊन आलेला माणूस गाववाला होता. नवऱ्याच्या गावची पलीकडची वाडी त्याची. गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारा, मला वहिनी म्हणणारा. आमच्याकडे जेवला, बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं, वर सोलकढी प्यायला आणि मग बॅगेतून कागद काढला. अशा माणसाच्या तोंडावर चष्मा लावून कागद वाचायला बसायचं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. आमच्या कोकणी घरांत असंच मानतात. मी पहिलं पान जरा जवळ धरलं, तर नवरा लगेच म्हणाला, "अगो, वाचतंस काय? आपलो माणूस तो."

झालं. आपलो माणूस! अकरा पानं होती, अकरा सह्या केल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी तो बोट ठेवायचा आणि मी सही ठोकायची.

करार मसाल्याचा होता. मी मालवणी मसाला करते. सासूने शिकवला. ती गिरणीत नवऱ्याला डबा पोचवायची, त्या डब्याच्या वासावर म्हणे अख्खं खातं जमायचं. तिने मला माप कधी लिहून दिलं नाही. कढईपाशी उभी करायची आणि म्हणायची, नाकाने शीक. धणे कधी उतरवायचे, दगडफूल कुठल्या क्षणाला टाकायचं, त्रिफळ भाजायचंच नाही, हे सगळं मी नाकाने शिकले. पुढे बचत गटाच्या मुलुंडच्या प्रदर्शनात दोन वर्षं विकला. तिथे एका मसाल्याच्या कंपनीने चव घेतली. त्यांचा साकीनाक्याला कारखाना. आमचा गाववाला त्याच कंपनीत. त्यांनी ठरवलं, मी आठवड्यातून दोन दिवस यायचं, त्यांच्या माणसांना भाजणं शिकवायचं, पाकीट त्यांच्या नावाने निघेल, मला महिन्याचे ठरलेले पैसे मिळतील. मुदत तीन वर्षं.

मी एकच प्रश्न विचारला होता. आमच्या बिल्डिंगचा मसाला मीच भाजते, दरवर्षी, त्याचं काय?

"वहिनी, फक्त बाजारात दुसरीकडे विकायचं नाही. घरचं, बिल्डिंगचं कोण विचारतंय? मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

आमच्या बिल्डिंगमध्ये आठ घरं मिळून मसाला करतो. एप्रिलमध्ये मिरच्या एकत्र घेतो. बेडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी. गच्चीवर जुन्या साड्या पसरून वाळवतो. भाजणं माझ्याकडे, कारण बाकीच्या घाई करतात. मग सगळा माल डंकावर नेऊन कांडून आणायचा. माझ्या सासूचा एक नियम होता, तो मी अजून पाळते. डंकावरून आलेला पहिला डबा आपल्या घरात न्यायचा नाही. तो आधी शेजारच्या दारात द्यायचा, मगच आपला भरायचा. तिच्या मते, नाहीतर मसाला वर्षभर टिकत नाही. खरं खोटं मला माहीत नाही. पण पहिला डबा मी कधी माझ्या घरात नेलेला नाही.

तो शेजारचा डबा ज्या घरात जातो, तिथली माझी मैत्रीण. अमरावतीकडची, बौद्ध कुटुंबातली, महापालिकेच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेली. ती मला तिच्या काळ्या मसाल्याचा डबा देते, मी तिला माझा. तिची जीभ माझ्या लवंगी मिरचीपेक्षा तिखट. हीच बाई सगळ्याच्या मुळाशी आहे. म्हणजे झालं असं, की करारानंतरच्या दुसऱ्या एप्रिलमध्ये त्या कंपनीची जाहिरात फेसबुकवर आली, अस्सल मालवणी वगैरे. तिच्याखाली हिने लिहिलं, "पाकीट कशाला घेता? खरा मसाला आमच्या गच्चीवर मिळतो, तोही फुकट." वर आमच्या गच्चीचा, मिरच्यांचा आणि माझा फोटो. मी कंबरेला पदर खोचून उभी.

आठ दिवसांत रजिस्टर पोस्टाने नोटीस आली.

मी दारातच उघडली. या वेळी चष्मा लावून. कराराच्या सातव्या पानावरचं कलम त्यात उतरवलेलं होतं. मी तो मसाला किंवा त्याच्यासारखा कुठलाही मसाला बनवायचा नाही, विकायचा नाही, द्यायचा नाही, मोबदला घेऊन नाही आणि मोबदल्याशिवायही नाही. करार चालू असेपर्यंत नाही, आणि संपल्यावर पाच वर्षं नाही. मी ताबडतोब सगळं थांबवावं आणि पंधरा दिवसांत लेखी माफी मागावी, नाहीतर कोर्ट.

मी कपाटातून करार काढला. सातवं पान. तळाला माझी सही, छान वळणदार.

माझ्या घरात, माझ्या कढईत, माझ्या सासूने नाकाने शिकवलेला मसाला मी बनवायचा नाही? शेजारच्या बाईला वाटीभर द्यायचा नाही? आणि हे मी स्वतः लिहून दिलंय? गाववाल्याला फोन लावला. तीनदा कट केला मेल्याने. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाला, "वहिनी, लीगलवाल्यांचं काम ते. एक माफीचा कागद देऊन टाका, विषय संपला. मी आहे ना."

नवऱ्याचंही तेच. देऊन टाक माफी, कोर्टकचेरी कोण करणार, यंदा मसाला नाही केला तर काय बिघडतंय.

"काय बिघडतंय?" मी म्हटलं. "तुमच्या आईला विचारा." तिच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. मग मी जरा रडले, स्वयंपाकघरात, नळ सोडून. अपमान वाटला होता मला. नोटिशीचा कमी, स्वतःच्या मूर्खपणाचा जास्त.

मैत्रीण आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. माझी चूक, म्हणाली. मी म्हटलं, तू फोटो टाकलास, सही मी केली. ती करार घेऊन बसली आणि पेन्सिलने खुणा करत अकराही पानं वाचली. दोन तास. चहा दोनदा झाला. शेवटी म्हणाली, "तू हे वाचलंच नाहीस?"

"तो गावचा आहे गं."

"माझा बाप रात्रशाळेत शिकला. आम्हा भावंडांना सांगायचा, कागद कोणाचाही असो, सख्ख्या भावाचा असो, आधी वाचायचा. वाचता येत नव्हतं म्हणून आमच्या लोकांनी काय काय गमावलंय, तुला माहितीये? आणि तू, बी.कॉम. झालेली, लाजेखातर वाचत नाहीस? चल, वकील बघू."

तिचं खरं होतं म्हणून मला जास्तच लागलं.

पहिला वकील नवऱ्याच्या ओळखीचा. बोरिवलीला ऑफिस, फ्लॅटची खरेदी-विक्री करणारा. टेबलावर फायलींचा डोंगर. त्याने आमचा करार हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि न उघडता खाली ठेवला. "अहो, असल्या नोटिशी खूप येतात. कडक उत्तर ठोकतो. घाबरू नका. मी आहे ना."

मी उठले. नवरा म्हणाला, अगो बस. मी म्हटलं, "यांनीही वाचलं नाही. न वाचण्यासाठी मला दुसऱ्याला फी द्यायची नाही, ते मी स्वतः फुकट करू शकते." जिना उतरताना नवरा धुमसत होता. मला मात्र कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

दुसरी वकीलबाई मैत्रिणीच्या भाचीने शोधली. अंधेरी पूर्वेला, झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. माझ्या मुलीच्या वयाची. ती फक्त करारांचं काम करते. बनवायचे, तपासायचे, त्यावरून भांडायचं. भाचीने आधीच बजावलं होतं, वकिलाला विचारायचं की तुम्ही असं काम आधी केलंय का, किती वेळा, फी कशाची, आणि आमचं काम तुम्ही स्वतः बघणार की दुसऱ्या कोणाला देणार. मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. एकेक वाचून विचारलं. वकीलबाई हसली नाही. एकेकाचं सरळ उत्तर दिलं. मग तिने तिच्या कामाचा कागद पुढे केला. ती काय करणार, काय करणार नाही, फी किती. म्हणाली, "घरी नेऊन वाचा, काकू."

"इथेच वाचते," मी म्हटलं आणि पर्समधून चष्मा काढून लावला. ती समोर बसलेली, बाहेर दोन पक्षकार ताटकळलेले, आणि मी बोट ठेवून ओळ न ओळ वाचत होते. कानशिलं तापली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडावर कागद वाचला मी. चौथ्या मुद्द्यात होतं, की योग्य वाटेल तेव्हा समोरच्या पक्षाशी तडजोड करण्याचा अधिकार वकिलाला राहील.

"हे नको. मला विचारल्याशिवाय तडजोड नाही."

तिने पेन उचललं, ओळ खोडली, बाजूला दुरुस्ती लिहिली, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बरोबर आहे. खोडलेल्या जागी तुम्हीही सही करा."

इतकं सोपं असतं? मला तर वाटत होतं, छापलेलं म्हणजे देवाने लिहिलेलं.

मग तिने करार वाचला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, फसवणूक झाली, कलम रद्द, जा घरी. तसं काही म्हणाली नाही. "काकू, वाचलं नव्हतं हे कारण चालत नाही. सही केली म्हणजे मान्य केलं, असंच कोर्ट धरतं. कोणी जबरदस्ती केली असेल, खोटं सांगून सही घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. ते दाखवावं लागतं." माझं तोंड उतरलं. तिने ते पाहिलं आणि वहीत दोन रेघा मारून तीन कप्पे केले. करार चालू असताना दुसऱ्याला विकू नका, हे ते म्हणू शकतात, त्यात आपलं काही चालणार नाही. करार संपल्यावर पाच वर्षं धंदाच करू नका, हे मात्र आपल्याकडच्या कायद्यात टिकत नाही. माणसाला त्याचा धंदा करण्यापासून असं बांधून ठेवता येत नाही, सही असली तरी. आणि मधला कप्पा, शेजाऱ्यांना फुकट देणं. तिथे भांडायला जागा आहे. "त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं? नेमके शब्द?"

मी सांगितले. नवरा तिथे होता, हेही सांगितलं.

"लेखी काही? मेसेज?"

मी मोबाईल काढला. मागच्या मे महिन्यात मी गाववाल्याला गच्चीचा फोटो पाठवला होता, डंकावरून आल्यावर. तेव्हा करार होऊन तीन महिने झाले होते. त्याचं उत्तर तिथेच होतं, "झकास वहिनी! आमचा डबा ठेवा." आणि चार दिवसांनी, "डबा मिळाला. बायको खूश."

वकीलबाईने तो मेसेज दोनदा वाचला आणि पहिल्यांदा हसली. "काकू, तुम्ही बिल्डिंगचा मसाला करता हे कंपनीच्या माणसाला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्याने त्यातला वाटा खाल्लाय. यावर केस जिंकूच असं मी सांगत नाही. पण कोर्टात जायची हौस त्यांची कमी होईल. हे डिलीट करू नका. आणि माफी मागू नका. माफी म्हणजे चूक केल्याची कबुली, तीही लेखी."

"मरेन पण मागणार नाही," मी म्हटलं.

"मरू नका," ती म्हणाली, "फक्त सही करू नका."

उत्तर गेलं. दोन पानी, एकही चढा शब्द नाही, आणि शेवटी त्या मेसेजची प्रत जोडलेली. मी मधल्या काळात काय केलं? मिरच्या वाळवल्या. गच्चीवर, उघड्यावर, आठ घरांच्या. नवरा म्हणाला, निकाल लागेपर्यंत तरी थांब. वकीलबाईलाही विचारलं, ती म्हणाली, धोका थोडा आहे, विकू मात्र नका. थोडा धोका मला चालणार होता. बिल्डिंगमधल्या दोघीजणी कचरत होत्या, त्यांना सांगितलं, नाव माझं आहे कागदावर, तुम्ही देठं काढा.

पंधरा दिवस उलटले, कोर्टाचं काही आलं नाही. कंपनीने वकीलबाईकडे नवा मसुदा पाठवला. मुदतीत मी बाजारात विकायचं नाही, घरचं आणि बिल्डिंगचं फुकट असेल तर हरकत नाही, मुदत संपल्यावर मी मोकळी. पाच वर्षांचं कलम गेलं, माफीचा उल्लेखच नाही. वकीलबाईने तपासून, मला विचारून हो म्हटलं आणि मला त्याची प्रत पाठवली. मूळ कागद सहीसाठी घेऊन गाववाला घरी येणार होता.

आला. नेहमीच्या जागी बसला. मी चहा दिला, चकल्या दिल्या. आलेल्या माणसाला उपाशी बसवायची आमच्यात पद्धत नाही. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "वहिनींनी वकील केला. आपल्यात वकील?" आणि पानं उलटत बोट ठेवायला लागला. "इथे, वहिनी. आणि इथे."

मी चष्मा लावला.

"वहिनी, तुमच्या वकिलाने बघितलंय की."

"त्यांनी बघितलंय. मी बघायची आहे."

नवऱ्याने तोंड उघडलं. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने चकली तोंडात घातली.

एका हातात वकीलबाईने पाठवलेली प्रत, दुसऱ्या हातात त्याचा कागद, आणि मी मोठ्याने वाचायला लागले. ओळ इकडची, ओळ तिकडची. चहावर साय आली. त्याने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा म्हणाला, "विश्वास नाही का आमच्यावर?" मी म्हटलं, "आहे ना, म्हणून तर चहा दिलाय," आणि पुढे वाचत राहिले. तिसऱ्या पानावर माझं बोट थांबलं. त्याच्या कागदात एक वाक्य जास्त होतं. मसाल्याची कृती ही कायमची फक्त कंपनीची मालमत्ता राहील.

"हे कधी आलं?"

तो वाकून बघायला लागला. खरंच त्याला माहीत नसावं, चेहराच सांगत होता. "वरून टाकलं असेल. मी वाचलं नाही, वहिनी. मला दिलं, मी घेऊन आलो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. समोर मीच बसले होते, सव्वा वर्षापूर्वीची. पण सोडलंही नाही. वकीलबाईला फोन लावला, तिने कंपनीत फोन केला, कुणीतरी म्हणे चुकून जुना मसुदा छापला. चुकून! ते वाक्य मी स्वतःच्या पेनाने खोडलं. सही करायचा अधिकार कंपनीने त्यालाच दिला होता, त्याने खोडलेल्या जागी सही केली, मीही केली. मग बाकीच्या पानांवर, प्रत्येक पान वाचून झाल्यावर. दीड तास लागला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात डंकावरून माल आला. पहिला डबा शेजारच्या दारात गेला. मैत्रिणीने झाकण उघडलं, शिंकली, आणि म्हणाली, "लवंगी जास्त पडलीये यंदा." पडली होती. मुद्दाम टाकली होती.

त्याच संध्याकाळी गाववाला दारात उभा. हातात रिकामा स्टीलचा डबा, चेहरा ओशाळलेला. "वहिनी, बायको विचारते. यंदा मिळेल का? नसेल तर राहू दे."

मी डबा घेतला, आत जाऊन काठोकाठ भरला. मग मुलीच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, एक डबा मसाला, या घरी बनवलेला, मोबदल्याशिवाय, बिल्डिंगच्या वाट्यातून, मिळाला. डबा आणि कागद दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं.

तो हसला. खिशातून पेन काढलं आणि सरळ कागदाच्या तळाशी टेकवलं. "इथे ना?"

मी डब्यावर हात ठेवला.

"आधी वाच."